लिनोलियमवरची पिल्ले

परवा फोनवर तुम्ही दोघे एकदम बोलत होतात, त्यामुळे मला निम्मेच ऐकू आले. जे कळले ते असे. शाळेत, वर्गातच, दिव्याखाली अंडी उबवली. एका पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकले होते आणि ते पोटावर पडून राही. मग तुमच्या बाईंनी त्याच्या दोन्ही पायांना चिकटपट्टीची सैलशी बेडी घातली आणि थोड्या दिवसांत ते चालू लागले. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. "आजी, तुझ्या घरी कोंबड्या होत्या ना? तुम्ही अशा पिल्लांचं काय करायचात?" असे धाकटीने विचारले. मी म्हणाले, सांगेन कधीतरी, आणि तुमच्या आईला फोन द्यायला सांगितले. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते. आता क्रमाने लिहून काढते. तुम्ही मोठे झालात की वाचा. त्यात टाळ्या नाहीत.

लोणावळ्याचे आमचे घर रेल्वेच्या वस्तीपासून थोडे बाजूला होते. पुढे ओटा, मध्ये दिवाणखाना आणि झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून लांबट पडवी. वडील रेल्वेच्या सामानाच्या कोठारावर मुख्य कारकून होते. घाट चढवून आणणारे मागचे इंजिन गाडीपासून सुटले की खण्णकन आवाज होई आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी हलकेच एकमेकांना लागत. त्या आवाजावर आमचा दिवस चाले. अमुक गाडीला वडिलांचा चहा, तमुक गाडीला माझी वेणी. वडील मूळचे कामशेतजवळच्या खेड्यातले, पण त्यांनी खेडे अंगावरून घासून काढले होते. घरात फिनेलचा वास असे. चप्पल कुठे काढायची याची खूण फरशीवर चुन्याने केलेली होती. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातले होते आणि जेवताना एक इंग्रजी वाक्य म्हटल्याशिवाय दुसरी वाढ मिळत नसे. आई पुण्याची, चौथीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी. तिची आमटी गोडसर असे, पोळ्या कागदासारख्या, आणि तिच्या पळीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

या घरात बनूआत्या आली ती एक बोचके आणि एक कोयता घेऊन. ती वडिलांची धाकटी बहीण, पवनेकाठच्या गावात दिलेली. नवरा मेला, मूलबाळ नव्हते, आणि दिराने तिला गोठ्यात झोपायला लावले होते. मारहाणही होती. एका सकाळी ती गुरे सोडायच्या ऐवजी स्वतःच सुटली आणि चालत कामशेतला येऊन गाडीत बसली. "तिकीट?" वडिलांनी पहिला प्रश्न विचारला. "मागितलं न्हाई कुणी. मागितलं आसतं तर तुजं नाव सांगितलं आसतं, दादा," आत्या म्हणाली. आई तोंडावर पदर धरून आत गेली. ती हसली नव्हती.

आत्याचा आवाज मोठा, हसणे त्याहून मोठे. ती तांदळाची भाकरी थापायची तेव्हा परातीचा आवाज ओट्यापर्यंत यायचा. चुलीत कांदा-खोबरे भाजून, पाट्यावर वाटून तिने पहिल्या रविवारी मटणाचा रस्सा केला, आणि फिनेलवाले माझे वडील ताट बोटाने पुसून खाऊ लागले. नंतर म्हणाले, "याला म्हणतात रस्सा." एवढेच. आई वाढत होती. तिने पळी भांड्यात ठेवली ती इतकी हळू की आवाजच झाला नाही. त्या दिवसापासून आत्या आईला 'पुणेकरीण' म्हणून चिडवू लागली आणि आई तिला अधिकच अदबीने 'वन्सं' म्हणू लागली. आईची अदब वाढली की समजावे, काहीतरी वाईट होणार आहे.

त्याच सुमाराला विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा खंडाळ्याला लिलाव झाला. वडिलांनी तिथून अंडी उबवायचे यंत्र आणले, पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर आणला, त्या विषयाचे एक जाड इंग्रजी पुस्तक आणले आणि जमिनीवर अंथरायच्या, मेणकापडासारख्या, निळ्यापांढऱ्या चौकटींच्या लिनोलियमची गुंडाळी आणली. पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळायच्या आणि खंडाळ्याच्या बंगल्यांना अंडी पुरवायची असा बेत होता. ब्रूडर म्हणजे पत्र्याची मोठी छत्रीच, मध्ये रॉकेलचा दिवा, कडेला कापडाची झालर. पिल्ले त्या झालरीआड उबेला बसणार. गावाकडे पिल्ले भाताच्या तुसावर नाहीतर पेंढ्यावर वाढत. वडिलांना ती घाण वाटे. त्यांनी पडवीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लिनोलियम अंथरले, त्यावर मेणाचा हात फिरवला आणि आम्हा सगळ्यांना उभे करून दाखवले. त्यात आपले तोंड दिसत होते. "एक फडकं मारलं की स्वच्छ," ते म्हणाले. "कोंबडी पाळायची तर माणसासारखी पाळावी."

मग त्यांनी आत्याला बोलावले. "हे बघ बनू, या घरात प्रत्येकाला काम आहे. ब्रूडर तुझा. पिल्लं वाढली तर तू इथं राहशील. नाहीतर तुझं सासर आहेच."

"म्हंजी मला खुडूक कोंबडीवानी बसवतोयस व्हय?" आत्या म्हणाली. "बरं झालं. बसायला जागा तरी गावली."

ती हसली, पण वडील विनोद करत नव्हते हे तिलाही कळले असावे, कारण पुढे ती बराच वेळ नुसती लिनोलियमकडे बघत राहिली.

अंडी फुटण्याआधी वडिलांनी मांजरांचा बंदोबस्त केला. सुकटीत विष कालवून ते त्यांनी आत्याच्या हातात दिले आणि कुठे कुठे ठेवायचे ते दाखवले. शेजारच्या बोळातली एक पांढरी मांजर आमच्या चुलीशी येऊन बसायची. "दादा, ती गाभण हाय," आत्या म्हणाली. "मग आत्ताच बरं," वडील म्हणाले. आत्याने परसात खड्डे काढले. आमच्या आणि शेजारच्या दोन्ही बोळांत त्यानंतर मांजर उरले नाही. हे ध्यानात ठेवा.

आत्याला आकडे वाचता येत नव्हते. म्हणून वडिलांनी थर्मामीटरवर, जिथे पारा असायला हवा तिथे, लाल धागा बांधला. दर आठवड्याला पिल्ले मोठी होतील तसा तो धागा ते स्वतः खाली सरकवणार होते. "पारा धाग्यावर. वर नाही, खाली नाही. समजलं?" आत्या त्या धाग्यापुढे अशी बसे की देवापुढेही कुणी बसत नाही. वात वर, वात खाली, काजळी पुसणे, पुन्हा पारा. अंथरूणही तिने तिथेच आणले. पिल्ले निघाली तेव्हा पिवळ्या रंगाने पडवी भरून गेली आणि त्यांचा चिवचिवाट इतका की गाडीचा खणखणाटही ऐकू येईना. आत्या झालर उचलून त्यांच्याशी गप्पा मारी. "काय पाटील, जेवलं का? आन तुमी, मामलेदारीणबाई, सरका की वाईच."

दोन-तीन दिवसांनी त्यातली काही बसू लागली. उठायला गेली की त्यांचे पाय बाजूला सरत. एक पाय इकडे, एक तिकडे, छाती जमिनीला. वल्ही सुटलेल्या होडीसारखी ती गोल फिरत राहत. वडिलांनी मला पुस्तक आणायला लावले. तिथे लिहिले होते, निदान आम्हाला कळले ते असे, की ब्रूडर फार तापला की पिल्लांच्या पायांतले बळ जाते. मी ते मराठीत वाचून दाखवले. वडिलांनी पुस्तक मिटले आणि आत्याकडे पाहिले.

"झोपलीस?"

"न्हाई, दादा. पारा धाग्यावरच हाय. हे बग की."

"आत्ता आहे."

त्यांनी धागा बराच खाली सरकवला. पिल्ले गारठली, एकमेकांच्या अंगावर चढली, सकाळी ढिगाखालची मेलेली निघाली. तेव्हा वडील म्हणाले, दिवा विझवलास. धागा पुन्हा वर गेला. पिल्लांचे पाय फाकतच होते. आत्याने दृष्ट काढली, झालरीला बिब्बा आणि काळा दोरा बांधला. वडिलांनी तो कापून टाकला आणि लिनोलियमवर मेणाचा आणखी एक हात फिरवला.

मग रोज संध्याकाळची तपासणी सुरू झाली. वडील कचेरीतून येत, हातपाय धूत, खुर्ची पडवीत घेत. संशयित पिल्लू आत्याने त्यांच्या पायापाशी ठेवायचे. ते पेन्सिलीने त्याला मागून टोचत. भिंतीपर्यंत चालत गेले तर वाचले. लिनोलियम आरशासारखे, आणि ज्याचे पाय आदल्या दिवशी थोडे घसरत होते त्याचे त्या परीक्षेत हमखास फाकत. मग वडील बादलीकडे मान हलवत. पिल्ले पाण्यात आत्याने सोडायची आणि वरून थाळी दाबून धरायची. "ज्याच्या हातून बिघडलं त्यानंच निस्तरायचं," असा नियम होता. पहिल्या दिवशी आत्याने विनोद केला, "चला पाटील, आंगुळीला." थाळीखालून टकटक असा आवाज आला. त्यानंतर तिने विनोद केला नाही. थाळी धरून ती भिंतीकडे बघत राही, आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून विचारी, "वन्सं, झालं का? भाकऱ्या टाकायच्यात ना?"

एका संध्याकाळी मी एक पिल्लू फ्रॉकच्या खिशात घातले. स्वयंपाकघरात चुलीशेजारी तुसाची पाटी होती, भांडी घासायला लागे म्हणून. त्यात ते ठेवले आणि वर टोपली झाकली. आईने पाहिले. मला वाटले, आता ओरडेल. पण ती म्हणाली, "असू दे. उद्या मरेल." ते मेले नाही. दुसऱ्या दिवशी ते तुसात पाय रोवून धडपडत होते. त्यानंतर एका दुपारी, वडील कचेरीत आणि आत्या ब्रूडरपाशी असताना, ते उठले, आणि पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

आईने पोळी लाटायचे थांबवले. हात पुसले. तिने पितळेची परात उपडी घातली आणि पिल्लू तिच्या पाठीवर ठेवले. पाय सर्रकन फाकले. तिने ते उचलून गोणपाटावर ठेवले. ते उठून चालले. पुन्हा परातीवर, पुन्हा गोणपाटावर. मी बघत होते. माझ्या शाळेत प्रयोग शिकवत, पण इतका नीट प्रयोग मी पुढे कॉलेजातही पाहिला नाही. आई फार हुशार बाई होती. ते तिला कधी कुणी सांगितले नाही.

"आई, म्हणजे ते लिनोलियम—"

"कळलं मला."

"बाबांना सांगायचं ना?"

"मी सांगते," आई म्हणाली. पिल्लू पाटीत ठेवून तिने टोपली झाकली आणि पोळी पुन्हा लाटायला घेतली. मी निश्चिंत झाले. आत्याला जाऊन सांगावेसे वाटत होते, पण आई सांगणार होती, आणि घरातली बातमी वडिलांच्या आधी दुसऱ्या कुणाला सांगायची नाही असाही एक नियम होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील खुर्चीत बसले आणि पेन्सिल काढायच्या आधीच म्हणाले, "बनू, पुरे झालं. एक दिवा तुझ्याकडून सांभाळला जात नाही. सोमवारच्या गाडीनं जा. तुझ्या दिराला मी निरोप धाडलाय."

आत्या उभी होती ती खाली बसली. "दादा, मी डोळ्याला डोळा लावला न्हाई रं. पारा धाग्याच्या वर गेला आसंल तर माजं हात तोड. हितं भांडी घासते, धुणं धुते, एक येळ जेवते. तितं नको. तितं मला गुरांत बांदतात."

"बांधतात म्हणजे काय? बोलायची पद्धत आहे ही?"

"बांदतात म्हंजी बांदतात." तिने पोलक्याची बाही वर केली. वडिलांनी दुसरीकडे पाहिले.

मी आईकडे बघत होते. ती दारात उभी राहून तांदूळ निवडत होती. ती काही बोलेना, तेव्हा मीच बोलले. म्हणाले की स्वयंपाकघरात एक पिल्लू आहे, त्याचे पाय फाकले होते, आता ते चालते; दिव्याचा दोष नाही, लिनोलियम गुळगुळीत आहे म्हणून ती घसरतात; आईने परातीवर ठेवून पाहिले आहे.

वडिलांनी एकवार लिनोलियमकडे पाहिले. मेणाने ते चकाकत होते. "कुठंय ते पिल्लू?" त्यांनी विचारले.

मी धावत गेले. पाटी जागेवर होती. टोपली भिंतीशी उपडी ठेवलेली होती. तुसात काही नव्हते.

"मांजरानं नेलं," आई मागून म्हणाली. सुपातला एक खडा तिने उचलून बाजूला टाकला.

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. आत्यानेही पाहिले. बोळातली मांजरे कुणी मारली, कुणी पुरली हे त्या पडवीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. मला वाटले, आता वडील विचारतील, कुठलं मांजर? मी वाट बघत होते. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढली, तिचे टोक पाहिले.

"बरं," ते म्हणाले. "मांजरानं नेलं." मग आत्याला म्हणाले, "बोचकं बांध."

मुलांनो, मी पुढे बऱ्याच जणांना खोटे बोलताना पाहिले. पण खोटे बोलणारा आणि ते खोटे आहे हे माहीत असून घेणारा, दोघे इतक्या शांतपणे एकमेकांना काही देताना मी पुन्हा पाहिले नाहीत. वडिलांना ते लिनोलियम चुकीचे ठरायला नको होते. आईला स्वयंपाकघर परत हवे होते. त्या दिवशी चुलीतली राख आईने स्वतः काढली. ते काम एरवी आत्याचे असे.

सोमवारी वडिलांचा शिपाई आत्याला कामशेतपर्यंत सोडून आला. जाताना तिने मला जवळ घेतले नाही. आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "येते, वैनी. मांजराला जपा." आई म्हणाली, "सांभाळून जा हं, वन्सं."

पुढच्या खेपेची अंडी फुटायच्या आत वडिलांनी लिनोलियम काढवले. का, ते कुणाला सांगितले नाही. पडवीत भाताचे तूस पसरले गेले, पिल्ले उभी राहिली, खंडाळ्याला अंडी जाऊ लागली. लिनोलियम दिवाणखान्यात आले. पाहुणे त्याची तारीफ करत आणि वडील ते कुठून आणले ते सांगत. आत्याला परत बोलवायचा विषय निघाला नाही. पवनेकडून येणारे लोक कधी काही सांगत, पण ते वडिलांना ओट्यावर सांगत आणि वडील आत येऊन हात धूत.

मग आईला दिवस गेले. तिला ते जड गेले. पाय सुजले, डॉक्टरांनी उठायचे नाही म्हणून सांगितले. पुण्याहून तिच्या माहेरचे कुणी येऊ शकत नव्हते. शेवटी वडील स्वतः पवनेकडे गेले आणि बनूआत्याला घेऊन आले. ती वाळली होती. पुढचा एक दात नव्हता. तो कसा गेला हे आमच्यापैकी कुणी विचारले नाही. दिवाणखान्यात पाऊल टाकताच ती थांबली, पायाखालच्या निळ्यापांढऱ्या चौकटींकडे पाहिले आणि कडेकडेने, भिंतीला धरून, पलीकडे गेली. पडवीत जाऊन उभी राहिली. तूस पायाच्या अंगठ्याने उकरले. पिल्ले तिच्या पायांवरून पळत होती.

"ऱ्हातात की उभी," ती म्हणाली. आणि तोंड धुवायला गेली.

तुमचे मामाआजोबा, म्हणजे माझा भाऊ, सुखरूप झाला. आत्याने बाळंतपणाचे सगळे केले. अंगाला लावणे, शेक, शेगडीवर ओव्याची धुरी, अळिवाची खीर. आईला स्वतःहून कुशीवर वळतासुद्धा येत नव्हते. अंघोळीचे कढत पाणी ओतताना आत्या विचारी, "पारा बराबर हाय न्हवं, वैनी?" आणि आई डोळे मिटून मान हलवी. पाणी कधी भाजण्याइतके गरम नव्हते. मी हात घालून पाहत असे.

मांजराचे तिने पहिल्यांदा विचारले तेव्हा मी बाळाला घेऊन बसले होते. खिरीचा चमचा आईच्या तोंडाशी नेऊन ती थांबली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "वैनी, ते मांजर गावलं का वो?"

चमचा तोंडाशी तसाच राहिला, मग आत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. रोज एकदा, खिरीच्या वेळी, आणि कधीही मोठ्या आवाजात नाही. एकदा वडील दारात होते. त्यांनी ऐकले आणि कोट न घालताच बाहेर निघून गेले. आई वाळू लागली. खीर पुढे आली की तिच्या गळ्याची शीर उडताना दिसे. मी एकदा आत्याला म्हणाले, "आत्या, नको ना विचारूस." ती म्हणाली, "का गं? मांजराची इचारपूस बी करू नये व्हय?"

सव्वा महिना भरला. आई त्या दिवशी उठून विहिरीवर पूजेला जाणार होती, आणि आत्याला परत कधी पोचवायचे हा विषय वडिलांनी आदल्या दिवशी जेवताना काढले होते. सकाळी आत्या खीर घेऊन आली, बाजेच्या कडेला बसली, चमचा भरला.

"वैनी, ते मांजर गावलं का?"

आईने बाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग दाराबाहेर चकाकणाऱ्या लिनोलियमकडे.

"नाही," ती म्हणाली. "नाही सापडलं."

"मग मी हितंच ऱ्हाते," आत्या म्हणाली. "ध्यान ठेवाया कुणीतरी पायजे." आणि तिने चमचा आईच्या तोंडात घातला.